टेक्सासच्या परसबागेतल्या फायर अँट्स: विष न ओतता त्यांना आवरायचं कसं

पाऊस पडून ऊन आलं की दुसऱ्या दिवशी लॉनवर भुसभुशीत मातीचा ढीग वर आलेला दिसतो. तो पायाने सारखा करायला जाऊ नका, फावडंही मारू नका. लांब काठी घ्या, टोक ढिगात खुपसा आणि हात लांब ठेवून बघा. बघता बघता मुंग्यांचा लोंढा बाहेर पडला आणि काठीवर सरसर वर चढायला लागला, तर त्या फायर अँट्स, म्हणजे पुन्हा पुन्हा नांगी मारणाऱ्या लाल मुंग्या. ढिगाच्या माथ्यावर भोक नसतं, ही दुसरी खूण. शिवाय एकाच वारुळातल्या मुंग्या लहानमोठ्या असतात. काही अगदी बारीक, काही त्यांच्या तिप्पट. डोकं आणि अंग तांबूस, मागचा भाग काळपट.

ही खात्री आधी करायची, कारण अंगणातली प्रत्येक मुंगी शत्रू नाही. गवत साफ केलेलं गोल मैदान, मधोमध एक भोक आणि त्यातून दाणे ओढणाऱ्या मोठ्या लाल मुंग्या दिसल्या, तर त्या इथल्या मूळच्या हार्वेस्टर अँट्स. टेक्सासचा शिंगवाला सरडा मुख्यतः त्यांच्यावर जगतो. त्यांना हात लावू नका. इथल्या मूळच्या मुंग्या जितक्या टिकतील तितकी फायर अँट्सना जागा कमी मिळते. नवी राणी उडून येऊन जमिनीत शिरली की तिला गाठून मारण्याचं काम याच मुंग्या करतात.

मी ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकमध्ये राहते. मागे भेंडी, गवार आणि वांग्यांचे वाफे आहेत, कुंपणाजवळ तुळस. उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून येतात आणि आई सकाळी अनवाणीच तुळशीला पाणी घालायला निघते. म्हणून मुंग्या तर हटवायच्याच, पण ज्या मातीतली भेंडी आमच्या ताटात येते, त्या मातीत विष ओतायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलेलं आहे.

या हट्टामागे इतिहासही आहे. ही मुंगी मूळची दक्षिण अमेरिकेतली. 1930 च्या दशकात ती जहाजांच्या मालाबरोबर अलाबामातल्या मोबील बंदरात उतरली आणि तिथून पसरत टेक्सासपर्यंत आली. 1957 मध्ये सरकारने तिच्याविरुद्ध मोहीम काढली आणि हेप्टाक्लोर, डिलड्रिन यांसारखी औषधं विमानांतून लाखो एकरांवर टाकली. पक्षी मेले, जनावरं मेली, मूळच्या मुंग्याही मेल्या, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर सगळ्यात आधी परत आली ती फायर अँटच. सरसकट विष मारलं की फायदा तिचाच होतो, हे तेव्हापासून माहीत आहे. तरीही दर वसंतात कोणीतरी लॉनभर पावडर उधळताना दिसतंच, आणि मला वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. ढीग म्हणजे वारूळ नव्हे, वारुळाचं वरचं टोक. खाली काही फूट खोल बोगदे असतात आणि राणी बहुतेक वेळ तिथे सुरक्षित असते. मोठ्या वसाहतीत लाखाच्या वर कामकरी मुंग्या असू शकतात, आणि राणी दिवसाला हजाराच्या घरात अंडी घालते. वरच्या हजारो मारल्या तरी ती थोड्याच दिवसांत भरपाई करते, किंवा सगळा संसार उचलून चार हात पलीकडे नवा ढीग काढते. काही वसाहतींत राण्याच अनेक असतात. म्हणून वरून काय ओतलं याला फारसा अर्थ नाही. राणीच्या तोंडात काय गेलं हे महत्त्वाचं, आणि तिथपर्यंत पोचायला तिच्या कामकरी मुंग्यांशिवाय दुसरा रस्ता नाही.

यासाठी आमिष वापरायचं. सेंद्रिय बागेत चालणारं आमिष म्हणजे स्पिनोसॅड. कॅरिबियन बेटांवरच्या एका बंद पडलेल्या रम कारखान्याच्या मातीत 1982 मध्ये एक जिवाणू सापडला, त्याच्यापासून हे बनतं. सोयाबीन तेलात भिजवलेल्या मक्याच्या कण्यांवर ते चढवलेलं असतं. नर्सरीत विचारताना 'ऑरगॅनिक आहे का' एवढंच विचारू नका. पाकिटावर ओएमआरआयचा (सेंद्रिय शेतीत चालणारा माल तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का बघा आणि सक्रिय घटक वाचा. हायड्रामेथिलनॉन, फिप्रोनिल किंवा बायफेंथ्रिन लिहिलेलं असेल तर ते सेंद्रिय नाही, पाकिटावर हिरवं पान छापलेलं असलं तरी. भाजीच्या वाफ्यांजवळ चालतं का, तेही लेबलवर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नका.

पाकीट घरी आणलं की उघडून वास घ्या. ताज्या आमिषाला मक्याच्या पिठासारखा, किंचित तेलकट वास येतो. खवट शेंगदाण्यासारखा वास आला तर ते परत करा, कारण खवट तेलाला मुंग्या तोंड लावत नाहीत आणि तुमचे पैसे मातीत जातात. लहान पाकीट घ्या, त्याच हंगामात संपवा. गॅरेजमध्ये खत किंवा पेट्रोलच्या शेजारी ठेवू नका, तो वास त्याला लागतो. ज्या स्प्रेडरने खत टाकता, त्याने आमिष टाकू नका. हातात धरून फिरवायचा छोटा स्प्रेडर मिळतो, तो फक्त यासाठी ठेवा.

टाकण्याआधी मुंग्या खायला बाहेर पडल्यात का ते बघायचं. बटाट्याचे दोन-चार वेफर्स अंगणात वेगवेगळ्या जागी ठेवा आणि अर्ध्या तासाने या. वेफरच्या कडेने मुंग्यांची झालर लागली असेल, तर वेळ बरोबर आहे. कोणीच आलं नसेल तर त्या दिवशी आमिष टाकू नका. साधारण 65 ते 90 अंश फॅरनहाइट, म्हणजे 18 ते 32 अंश सेल्सिअस तापमानात त्या मनापासून हिंडतात. आमच्याकडे जुलै-ऑगस्टच्या भर उन्हात जमीन इतकी तापते की त्या खालीच बसतात. तेव्हा टाकायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर टाका. एरवीही संध्याकाळच चांगली. उन्हात स्पिनोसॅडची ताकद लवकर उतरते, आणि संध्याकाळी मधमाश्याही घरी गेलेल्या असतात.

जमीन आणि गवत कोरडं हवं, आणि पुढचा निदान एक दिवस पाऊस नको. स्प्रिंकलरचा टायमर बंद करायला विसरू नका. प्रमाण लेबलवर असेल तेवढंच. ते इतकं कमी असतं की टाकून झाल्यावर जमिनीवर काही पडलंय असं वाटतच नाही. तरी वर मूठभर टाकू नका. ढिगाच्या माथ्यावरही ओतू नका. मुंग्या दाराशी पडलेलं अन्न उचलत नाहीत, त्या लांब हिंडून खाणं शोधतात. ढिगापासून दोन-तीन फूट दूर, सगळीकडून पसरून टाका आणि ढिगाला अजिबात धक्का लावू नका. डिवचलेल्या मुंग्या खाणं सोडून अंडी वाचवायला धावतात.

अंगणात दोन-तीनच ढीग असतील तर सगळीकडे आमिष टाकायची गरज नाही, फक्त त्या ढिगांभोवती टाका. आमिषातलं तेल मूळच्या मुंग्यांनाही आवडतं, म्हणजे त्याही मरतील.

परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. हा काळ लोकांना सहन होत नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते उकळतं पाणी घेऊन जातात. तसं करू नका. आमिष खाली पोचून वाटलं जाऊ द्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा काठी लावा. जो ढीग शांत आहे तो सोडून द्या. ज्यातून अजून मुंग्या येतायत आणि जो दाराशी, झोपाळ्याखाली किंवा तुळशीपाशी आहे, त्यालाच पुढचा उपाय करा.

तो उपाय म्हणजे संत्र्याच्या सालीचं तेल. एक गॅलन पाण्यात दीड औंस तेल आणि तीन औंस भांडी घासायचा लिक्विड साबण, हे माझं प्रमाण. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत राहतं. मोठ्या ढिगाला दोन गॅलन लागतात. थंड रात्रीनंतरची ऊन पडलेली सकाळ निवडा. त्या वेळी मुंग्या अंडी-अळ्यांना ऊब द्यायला ढिगाच्या वरच्या भागात आणतात, राणीही वर असण्याची शक्यता जास्त. झारीने आधी ढिगाभोवती गोल, मग मधोमध, हळू पण न थांबता ओता. पाणी खाली झिरपलं पाहिजे, वरून वाहून गेलं तर उपयोग नाही. बंद बूट आणि हातमोजे घाला. हे तेल झाडांची मुळं आणि पानं जाळतं, म्हणून वाफ्यात ओतू नका. घरात मांजर असेल तर जागा पूर्ण वाळेपर्यंत तिला बाहेर सोडू नका, मांजरांना हे तेल बाधतं.

उकळतं पाणीही चालतं. एका ढिगाला सुमारे तीन गॅलन लागतं, आणि नीट केलं तरी दहातले सहा-एक ढीग मरतात, बाकीचे पुन्हा उठतात. गवत मात्र नक्की मरतं. ड्राइव्हवेच्या भेगेत किंवा फरशीच्या कडेला ते ठीक. भरलेलं पातेलं घेऊन गवतातून चालत जाणं धोक्याचं आहे, पोरं आसपास असतील तर ते काम त्या दिवशी राहू द्या.

भेंडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाफ्यात ती असतेच, आणि फायर अँट्सना ती फार आवडते. त्या कळीच्या देठाशी जमतात, कोवळी कळी आणि लहान भेंडी कुरतडतात, आणि तोडायला हात घातला की बोटांवर येतात. भेंडी वाकडी, एका बाजूला खरवडल्यासारखी निघाली, तर पानं उचलून देठ बघा. अशा वेळी वाफ्याच्या आत काही टाकू नका. वाफ्याच्या बाहेरून, कडेच्या गवतात आमिष फिरवा. आत घर केलेल्या मुंग्याही खाणं शोधायला बाहेर येतातच. भेंडी पहाटे, लांब बाह्यांचा शर्ट घालून, कात्रीने कापून घ्या. लाकडाच्या सालींचा जाड थर खोडाला चिकटून ठेवू नका, त्याखालची ओल त्यांना मानवते. कंपोस्टचा ढीग नेहमी वरखाली करत राहा आणि ओला ठेवा. कोरड्या, उबदार, कोणी न हलवलेल्या ढिगात त्या हमखास शिरतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे उपाय थोडक्यात. रवा किंवा मक्याची कणी खाऊन पोट फुगून मरतात, हे खोटं. पूर्ण वाढलेली मुंगी घन अन्न गिळूच शकत नाही. ते ती अळ्यांना देते, आणि मोठ्या अळ्या ते पचवतात, म्हणजे तुम्ही त्यांना जेवू घालता. सोडा, व्हिनेगर, कॉफीचा चोथा, दालचिनी यांनी फार तर ढीग जागा बदलतो. डायटोमेशियस अर्थच्या (एक प्रकारच्या बारीक खनिज मातीच्या) पावडरीने वरच्या काही मुंग्या मरतात, राणी नाही. पेट्रोल तर कधीच नको, माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही नासतं. भारतातून बॅगेत घालून आणलेला मुंग्यांचा खडू तर नकोच. त्यात कीटकनाशक असतं, तो इथे बेकायदेशीर आहे, आणि पोरांना तो लिहायचा खडू वाटतो.

एक गोष्ट मला मनापासून आवडते. ऑस्टिनच्या ब्रॅकेनरिज फील्ड लॅबोरेटरीत टेक्सास विद्यापीठाच्या लोकांनी दक्षिण अमेरिकेतून फोरिड माश्या आणून वाढवल्या आणि सोडल्या. ही चिमुकली माशी मुंगीच्या अंगात अंडं घालते, अळी मुंगीच्या डोक्यात जाते आणि शेवटी डोकं गळून पडतं. माशी घोंघावायला लागली की मुंग्या खाणं टाकून लपतात. आपल्याला त्या विकत मिळत नाहीत, पण सरसकट फवारणी केली नाही तर त्या आपल्याही अंगणात टिकू शकतात.

वर्षाचं वेळापत्रक साधं आहे: एप्रिल-मेमध्ये एकदा आमिष आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदा. एकच जमणार असेल तर शरदातलं करा, दुबळी झालेली वसाहत हिवाळा काढू शकत नाही. शेजारच्यांनाही त्याच आठवड्यात करायला सांगा. पावसानंतर राण्या उडत येतात, त्यांना कुंपण अडवत नाही. आमच्या गल्लीत आम्ही काही घरं मिळून मोठं पाकीट घेतो आणि एकाच संध्याकाळी टाकतो, स्वस्तही पडतं.

एसीच्या बाहेरच्या डब्यात मुंग्या शिरल्या तर पाणी किंवा तेल आत मारू नका. वीज बंद करून माणूस बोलवा, आणि डब्याभोवतीच्या जमिनीवर आमिष टाका. ह्यूस्टनकडच्यांसाठी: पूर आला की त्या एकमेकींना धरून तराफा करून पाण्यावर तरंगतात. 2017 च्या हार्वे वादळात असे तराफे सगळ्यांनी पाहिले. पाण्यातून चालताना लालसर तरंगता गठ्ठा दिसला तर लांबून जा, आणि बादलीत साबणाचं पाणी जवळ ठेवा, त्याने त्या बुडतात.

नोव्हेंबरात मोगऱ्याची कुंडी आत घेताना ती आडवी करून तळाची भोकं बघा आणि कुंडीवर चापट मारून थांबा. मातीसकट कुंडी राज्याबाहेर मैत्रिणीला देणार असाल तर आधी क्वारंटाइनचे नियम बघा, टेक्सासच्या बऱ्याच काउंट्यांतून माती, हरळीचे पट्टे आणि कुंड्या बाहेर न्यायला बंधन आहे.

आणि मुंग्या चढल्याच, तर पाण्याखाली पाय धरून उभं राहू नका. त्या जबड्याने कातडी धरून ठेवतात आणि पुन्हा पुन्हा नांगी मारतात. हाताने किंवा कापडाने जोरात झटकून, घासून काढा. मग साबणाने धुवा, बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी पांढरट पुळी येते, ती फोडायची नाही. श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली, चक्कर आली, तर घरगुती उपाय न करता लगेच 911. आई-बाबा इथे येण्याआधी मी त्यांना हे फोनवर सांगून ठेवते, आणि मागच्या दाराशी त्यांच्या मापाचे बंद बूट ठेवते.