टॅबवर वाचताना ओळी तिरक्या होतात का? छोट्या टॅबच्या स्क्रोलिंगमधला दोष कसा ओळखावा आणि पुढे काय करावे

गेल्या वर्षी आईने नव्या छोट्या टॅबवर वर्तमानपत्र वाचायला सुरुवात केली आणि आठवडाभरातच तिची तक्रार आली, "बातमी वर सरकवली की अक्षरं डुलतात रे, गरगरल्यासारखं होतं." आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. चष्म्याचा नंबर बदललेला नव्हता. त्यानंतर काही दिवसांनी तिनेच सहज सांगितले की टॅब आडवा धरला तर त्रास होत नाही. डोळ्यांत दोष असता तर टॅब आडवा केल्याने तो गेला नसता, हे तेव्हा लक्षात आले आणि मी पहिल्यांदा पडद्याकडे नीट पाहिले. बातमीच्या मथळ्याची शिरोरेषा सरकताना एका बाजूला उचलल्यासारखी दिसत होती आणि बोट थांबवले की पुन्हा सरळ होत होती.

या दोषाला सर्वत्र "जेली स्क्रोलिंग" म्हणतात. पान सरकवताना पडद्याची एक बाजू पुढे जाते, दुसरी किंचित मागे राहते आणि मजकूर जेलीसारखा हलतो, म्हणून हे नाव पडले. त्याची सर्वाधिक चर्चा झाली ती २०२१ मध्ये, २४ सप्टेंबरला विक्रीला आलेल्या ॲपलच्या सहाव्या पिढीच्या आयपॅड मिनीमुळे. तेव्हा भारतात ४६,९०० रुपयांपासून पुढे मिळणाऱ्या या ८.३ इंची टॅबमध्ये उभ्या धरणीत ओळी तिरक्या दिसतात, असे पहिल्या काही दिवसांतच अनेकांनी सांगितले. एलसीडी पडदा रांगेरांगेने ताजा होत असल्यामुळे असे दिसणे नेहमीचेच आहे, असे उत्तर ॲपलने आर्स टेक्निका या प्रकाशनाला दिले. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नव्हते. मात्र ज्याला मळमळते त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

असे का होते

पडद्यावरचे चित्र एका क्षणात सबंध बदलत नाही. शेतात पाणी एका बांधाकडून दुसऱ्या बांधाकडे वाफ्यावाफ्याने पोहोचते, तसे नवे चित्र एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे रांगेरांगेने उमटत जाते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर अशा सेकंदाला ६० फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ही फेरी वरून खाली जाणारी असेल आणि मजकूरही वर-खाली सरकत असेल, तर ओळी फार तर किंचित ताणल्या किंवा आकसल्यासारख्या दिसतात आणि बहुतेकांना ते जाणवत नाही. फेरी डावीकडून उजवीकडे किंवा उजवीकडून डावीकडे जाणारी असेल, तर मात्र एका कडेला ओळ नव्या जागी पोहोचलेली असते तेव्हा दुसऱ्या कडेला ती अजून जुन्याच जागी असते. डोळा सरकत्या ओळीचा पाठलाग करत असल्यामुळे हा वेळेचा फरक त्याला जागेचा फरक म्हणून दिसतो आणि सरळ ओळ तिरकी वाटते.

हा फरक किती असतो, याचा हिशेब सोपा आहे. मजकूर सेकंदाला २,००० पिक्सेल (पडद्यावरचे बारीक ठिपके) या वेगाने वर जात असेल, तर एका फेरीत तो सुमारे ३३ पिक्सेल पुढे जातो. आयपॅड मिनीच्या पडद्यावर इंचाला ३२६ पिक्सेल आहेत, म्हणजे दोन कडांमध्ये अडीच मिलिमीटरांपर्यंत फरक पडू शकतो. बारीक टायपात ही जवळजवळ अर्धी ओळ झाली. बोट हळू फिरवले की फरक त्याच प्रमाणात घटतो, म्हणून काहींना हा दोष दिसतच नाही आणि काहींना दिवसभर दिसतो. पडदा १२० हर्ट्झचा असून फेरीही निम्म्या वेळात पुरी होत असेल, तर तिरकेपणा निम्म्यावर येतो.

आयफिक्सिट या दुरुस्ती-संस्थेने हा आयपॅड मिनी उघडून पाहिला तेव्हा पडदा चालवणारी पट्टी वरच्या कडेऐवजी बाजूच्या उभ्या कडेला बसवलेली आढळली, म्हणजे उभ्या धरणीत फेरी बाजूने जाते. ॲपलच्याच आयपॅड एअर या टॅबमध्ये ती वरच्या कडेला असते. दोष केवळ एलसीडीपुरता मर्यादित आहे, असेही नाही. २०१७ मधल्या वनप्लस ५ या फोनचा पडदा अमोलेड या वेगळ्या जातीचा होता. तो उलटा बसवल्यामुळे त्यावर सरकता मजकूर तिरका न होता ताणला-आकसल्यासारखा दिसत असे. पडदा कोणत्या जातीचा आहे यापेक्षा फेरी कोणत्या दिशेने जाते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

दुकानात कसे तपासावे

दुकानातल्या डेमो टॅबवर सहसा रंगीत व्हिडिओ चालू असतो आणि त्यात हा दोष कधीच दिसणार नाही. विक्रेत्याला सांगून ब्राउझर उघडावा आणि आपण रोज वाचतो तसे मराठी बातमीचे पान लावावे. या कामाला देवनागरीसारखी लिपी नाही, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. रोमन लिपीत अक्षरांची टोके सुटी असतात, तर आपल्याकडे शिरोरेषा प्रत्येक शब्दावर आडवी पट्टी ठेवल्यासारखी असते, त्यामुळे ओळ जराशी कलली तरी नजरेला खटकते. मोठा, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारा मथळा निवडावा. आडव्या रेघांचा तक्ता मिळाला तर आणखी चांगले.

टॅब उभा धरावा, उजेड पुरेसा ठेवावा आणि बोट पडद्यावरून न उचलता पान सावकाश पण सलग वर-खाली ओढत राहावे. झटका देऊन पान भिरकावले तर नजर ओळीला धरू शकत नाही, म्हणून बोट टेकलेलेच असावे. नजर एकाच मथळ्यावर ठेवून त्याच्यासोबत वर-खाली न्यावी. मथळ्याचे एक टोक दुसऱ्याच्या मागे राहते का, हे पाहावे. दिशा बदलताच कलही उलटतो का, तेही पाहावे, कारण या दोषाची ती पक्की खूण आहे. आता स्वयंचलित फिरणे चालू ठेवून टॅब आडवा करावा आणि पुन्हा तसेच करून पाहावे. आडव्यात तिरकेपणा नाहीसा झाला, किंवा उभ्यात नव्हता आणि आडव्यात आला, तर कारण फेरीच्या दिशेत आहे हे नक्की झाले. शेवटी टॅब उभाच, पण खालची बाजू वर करून धरावा. मजकूर सरळ झाल्यावर कल आधीच्या उलट बाजूला दिसला पाहिजे.

या दोषात दुसरेच काही मिसळून घेऊ नये. पान मधेमधे अडखळत असेल, तर प्रोसेसर किंवा ॲप कमी पडते आहे. अक्षरांमागे पुसट सावली ओढल्यासारखी राहत असेल, तर पिक्सेल रंग बदलायला वेळ घेत आहेत. या दोन्हींत ओळ सरळच राहते.

घरच्यांना किंवा विक्रेत्याला दाखवण्यासाठी अनेक जण पडद्याचे रेकॉर्डिंग करतात आणि त्यात काहीच दिसत नाही म्हणून गोंधळतात. टॅबमध्ये तयार झालेले चित्र निर्दोषच असते, दोष ते पडद्यावर उमटताना येतो. रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉट हे दोन्ही त्याच्या आधीच्या टप्प्यावरचे असल्यामुळे ते पुरावा म्हणून निरुपयोगी आहेत. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने, सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये पडदा टिपावा. मात्र फोनचा कॅमेराही चित्र रांगेरांगेने टिपतो आणि त्यातून स्वतःचा तिरकेपणा घालू शकतो. म्हणून फोन एकदा उभा आणि एकदा आडवा धरून दोनदा चित्रण करावे. दोन्हींत ओळ एकाच बाजूला कललेली दिसली तरच तो पुरावा मानावा.

लोक काय म्हणतात आणि त्यावर किती विश्वास ठेवावा

एकच टॅब घरातल्या चौघांच्या हातात दिला तर चार उत्तरे मिळतात, हे मी पाहिले आहे. एकाला काही दिसत नाही. एकाला दाखवल्यावर दिसते आणि मग ते नजरेआड करता येत नाही. एकाला दिसते, पण त्याला त्याचे काही वाटत नाही. आणि एखाद्याला तिरकेपणा ओळखू येत नसूनही डोके जड होते. या शेवटच्या माणसाचे म्हणणे सर्वांत आधी उडवून लावले जाते, कारण नेमके काय होते ते त्याला शब्दांत सांगता येत नाही. माझ्या आईच्या बाबतीत तेच झाले. मे २०२२ मध्ये अमेरिकेत सहाव्या पिढीच्या आयपॅड मिनीबाबत ग्राहकाने न्यायालयात दावा दाखल केल्याची बातमी आली, तेव्हा त्यातही मळमळ आणि डोकेदुखीचा उल्लेख होता. ज्याला दोष दिसत नाही त्याला तो मुद्दाम दाखवू नये, आणि ज्याला त्रास होतो त्याच्याशी "मला तर काही दिसत नाही" असा वाद घालू नये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या आयपॅड मिनीच्या पुढच्या पिढीबाबतही मते विभागली. पडदा ६० हर्ट्झचाच राहिला. काहींना दोष कमी झाल्यासारखा वाटला, काहींना तो होता तसाच दिसला. अशा वेळी दुसऱ्याच्या मतावर खरेदी करण्यापेक्षा वर सांगितलेली पाच मिनिटांची तपासणी स्वतः करावी, आणि टॅब ज्याच्यासाठी घ्यायचा त्याच्याच हातून करवून घ्यावी.

टॅब घेऊन झाला असेल तर

सेटिंग्ज बदलून हा दोष पुसला जात नाही. ॲनिमेशन कमी करण्याचा पर्याय चालू केल्याने खिडक्या उघडण्या-मिटण्याची हालचाल शांत होते, मजकूर सरकण्यावर त्याचा परिणाम होत नाही. खरा उपाय म्हणजे सरकवणेच टाळणे. पुस्तकांच्या बहुतेक ॲपमध्ये सलग सरकवण्याऐवजी पान उलटण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. पीडीएफही एकेक पान अशी पाहावी. बातम्या वाचताना अक्षर मोठे करून टॅब आडवा ठेवावा. आईच्या टॅबला आम्ही तो आडवा टेकवून ठेवणारे स्टँडचे कव्हर घातले, पडद्याचे आपोआप फिरणे बंद करून टाकले, आणि तेव्हापासून ती सकाळचा चहा होईपर्यंत अग्रलेखासह सगळे वाचून काढते.

टॅब परत करायचा असेल, तर एक गोष्ट आधी वाचावी. ऑनलाइन खरेदीत पुष्कळदा पैसे परत न मिळता फक्त वस्तू बदलून मिळते. एखाद्याच नगात बिघाड असेल तर ते पुरेसे आहे. इथे मात्र त्या मॉडेलची रचनाच तशी असेल, तर बदलून आलेला टॅबही तसाच निघेल आणि मुदत तेवढी संपून जाईल. म्हणून खोके उघडल्याच्या दिवशीच तपासणी करावी आणि तक्रार लेखी द्यावी. तीत मॉडेलचे नाव, खरेदीची तारीख, कोणत्या धरणीत कल दिसतो, दिशा बदलल्यावर तो उलटतो का आणि वाचणाऱ्याला काय त्रास होतो, हे स्पष्ट लिहावे. स्लो मोशनची दोन्ही चित्रणे सोबत जोडावीत. "पडदा खराब आहे" एवढेच लिहिले, तर सेवा केंद्र टॅब थांबलेल्या पानावर तपासून निर्दोष ठरवते. तिथे दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. फोन करताना बिल आणि विक्रेत्याचे लेखी उत्तर हाताशी ठेवावे.