तापातीला निघण्याआधी: तो फॉर्म भरलात का?

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रापा नुई बेटावर, म्हणजे चिलीच्या ताब्यातल्या, आपण ज्याला ईस्टर आयलंड म्हणतो त्या बेटावर, तापाती हा उत्सव असतो. तापाती म्हणजे त्यांच्या भाषेत आठवडा. प्रत्यक्षात चालते दोन आठवडे. मोआईंचे, म्हणजे तिथल्या प्रचंड दगडी पुतळ्यांचे, फोटो कुठेही बघायला मिळतील, इथे फक्त तयारी. एकदा ही तयारी चुकलेली आहे, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली तर खपवून घ्या.

पासपोर्ट आणि विमा काढायला सांगत बसत नाही. भारतीयांना चिलीचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा असलेल्यांसाठीच्या सवलतीचे नियम बदलत राहतात, वकिलातीकडे विचारून घ्या. संपलं.

आता फॉर्म. चिलीचा व्हिसा हातात असला म्हणजे बेटावर जाता येतं असं नाही. ऑगस्ट २०१८ पासून बेटासाठी वेगळा कायदा आहे. बाहेरून येणाऱ्या कोणालाही, अगदी चिलीच्या मुख्य भूमीवरच्या माणसालाही, ३० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर प्रवेशाचा अर्ज भरावा लागतो. एफयूआय या नावाने तो ओळखला जातो. पैसे पडत नाहीत, वेळही फार लागत नाही, म्हणूनच ‘बघू नंतर’ होतं. हा फॉर्म विमानात वाटत नाहीत. बेटावर उतरल्यावर भरायचा नसतो. तिकिटाबरोबर आपोआप येत नाही. चिलीच्या राजधानीत, सांतियागोच्या विमानतळावर, बेटाच्या विमानात बसण्याआधी तो मागतात. तिथे रांगेत उभं राहून, विमानतळाच्या वायफायवर, स्पॅनिशमधले रकाने लावत भरायची वेळ आपल्यावर येऊ देऊ नका. माणशी एक फॉर्म. चौघं असाल तर चार, लहान मुलाचाही वेगळा. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असेल तर फॉर्मवर आणि तिकिटावरही ते आलं पाहिजे.

फॉर्मसोबत दोन गोष्टी तपासतात: परतीचं तिकीट, आणि राहण्याची जागा. गोची इथेच होते. जागा चिलीच्या पर्यटन खात्याकडे, सेर्नातूरकडे, नोंदलेली हवी. नसेल तर बेटावरच्या रहिवाशाचं रीतसर निमंत्रणपत्र हवं. ॲपवर सापडलेली स्वस्त, सुंदर, समुद्र दिसणारी खोली नोंदलेली असेलच असं नाही. पैसे भरण्याआधी मालकाला सरळ विचारा, नोंदणी आहे का, आणि सेर्नातूरच्या यादीत स्वतः नाव शोधा. आरक्षणाच्या कागदावर सगळ्यांची नावं घालून घ्या. म्हणून क्रम असा: आधी विमान, मग नोंदलेली खोली, मग लगेच फॉर्म. त्याच दिवशी. प्रत काढा, एक कागदावर, एक मोबाईलमध्ये. मोबाईलची बॅटरी नेमकी तिथे संपते.

हा जाच कशासाठी, असं वाटेल. बेट सुमारे १६४ चौरस किलोमीटरचं. २०१७ च्या जनगणनेत वस्ती पावणेआठ हजारांच्या आसपास होती. पाणी, कचरा, जमीन, सगळ्यालाच मर्यादा. आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढ्या वस्तीवर जगभरातून पाहुणे येऊन आदळतात, मग दारात नोंदवही ठेवणारच.

विमान सांतियागोहून, पाच-साडेपाच तास, एकच कंपनी. बोट वगैरे विचारात घेऊ नका. मुंबई ते सांतियागो आणि सांतियागो ते बेट ही तिकिटं वेगवेगळी असतील तर मध्ये एक रात्र सोडा, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं कोणी थांबवून ठेवत नाही. फेब्रुवारी हा तिथल्या उन्हाळी सुट्टीचा काळ, चिलीचे लोकही तेव्हाच जातात. खोल्या कित्येक महिने आधी भरतात.

रात्री किती? तीन-चार रात्रींचा बेत करू नका. प्रत्येक मोठी स्पर्धा पंधरवड्यात एकदाच होते, कार्यक्रमपत्रिका उशिरा येते आणि आली तरी वाऱ्यापावसाप्रमाणे बदलते. आठ रात्री असल्या तर हाका पेई (केळीच्या खुंटांवरची घसरण), ताउआ (तळ्यातली शर्यत), मिरवणूक आणि मंचावरच्या दोन-चार रात्री पदरात पडतात. खोली हांगा रोआ गावातच घ्या, हांगा वारे वारेच्या मैदानापर्यंत चालत जाता येईल अशी. रात्रीचे कार्यक्रम मध्यरात्र ओलांडतात, आणि बेटावर सार्वजनिक बस नाही.

जाण्याआधी स्पर्धेची रचना समजून घ्या, नाहीतर नुसतं रंगीबेरंगी काहीतरी बघून याल. परंपरेने तापातीच्या राणीपदासाठी उमेदवार असतात आणि त्यांच्यामागे नात्यागोत्याची, मित्रांची अख्खी फौज. कोण केळीच्या खुंटावरून घसरतं, कोण मासे मारतं, कोण जुनी आख्यानगीतं म्हणजे रिऊ गातं, कोण माहुते नावाच्या झाडाच्या सालीपासून कापड कुटून काढतं. प्रत्येकाचे गुण आपापल्या उमेदवाराच्या खात्यात जातात. तुमचा घरमालक कोणत्या बाजूचा आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. त्याची भाची नाचात आणि मुलगा शर्यतीत असेल तर त्या दिवशी न्याहारी मिळणार नाही हे गृहीत धरा, आणि दुसऱ्या बाजूसाठी त्याच्या शेजारी बसून टाळ्या पिटू नका. काईकाई चुकवू नका. दोन हातांत दोरा गुंफून आकृती करतात आणि त्यासोबत तिचं पद म्हणतात. लहानपणी दोऱ्याचे खेळ खेळलेल्या कोणालाही हे लगेच उमगेल. गर्दी कमी असते, पुढे जागा मिळते.

हाका पेई माउंगा पुइ टेकडीवर. केळीचे दोन खुंट शेजारी शेजारी बांधलेले, त्यावर जवळजवळ आडवा झालेला माणूस, अंगावर लंगोटीएवढं वस्त्र आणि रंग, आणि गवताळ उतार सुमारे ४५ अंशांचा. वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो असं सांगतात. केळीचा खुंट आपल्याला माहीत आहे: सोपटावर सोपट, आत पाणीच पाणी. गवतावर घासला की वरचं सोपट सुटतं, आतला ओला भाग उघडा पडतो आणि जोडी आणखी सुसाट निघते. एक खुंट दगडाला थटला की जोडी तिरकी होते आणि माणूस उडतो. त्यामुळे उताराच्या पायथ्याशी, घसरणीच्या रेषेत बसू नका, कितीही चांगला फोटो मिळणार असला तरी. बाजूला, थोडं वर. झाड नाही, सावली नाही, वेळेवर सुरू होईल याची खात्री नाही. टोपी गळ्याशी बांधायची घ्या, साधी टोपी वारा नेतो. माणशी दोन लिटर पाणी. आणि खेळ संपल्यावर खुंटाला हात लावायची हौस आली तर जुन्या कपड्यांत; केळीचा चीक तिथेही धुऊन जात नाही.

उन्हाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. बेटाचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे. फेब्रुवारीत सूर्य डोक्यावर येतो दुपारी अडीचच्या सुमाराला आणि मावळतो रात्री नऊच्या आसपास. ‘चार वाजले, ऊन उतरलं’ हा आपला हिशोब तिथे भाजून काढतो. चार म्हणजे सूर्याच्या हिशोबाने दुपारचा दीड.

ताउआ ही तीन अंगांची शर्यत, परंपरेने रानो राराकू या ज्वालामुखीच्या विवरातल्या तळ्यात. लव्हाळ्याच्या होडक्यातून वल्हवत जायचं. मग खांद्यावर केळीचे दोन घड घेऊन अनवाणी तळ्याकाठी धावायचं. मग पोरावर, म्हणजे लव्हाळ्याच्या भाऱ्यावर, छाती टेकवून पोहायचं. (आपल्या पोरांशी संबंध नाही.) पण गेल्या काही वर्षांत तळं आटलं, २०२३ मध्ये त्याच्या कोरड्या तळात एक मोआई सापडल्याची बातमी आली होती. म्हणून जुनी प्रवासवर्णनं वाचून थेट विवरात जाऊन बसू नका. यंदा पाण्याचे टप्पे कुठे आहेत ते गावात विचारा, दोन माणसांना विचारा, आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारा.

राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट वेगळं. ते स्थानिक लोकांच्या माऊ हेनुआ या संस्थेकडे आहे. तिकीट दहा दिवस चालतं, पण रानो राराकू आणि ओरोंगो या दोन ठिकाणी प्रत्येकी एकदाच प्रवेश, आणि बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त वाटाड्या सोबत लागतो. तापातीत वाटाडेही स्पर्धेत गुंतलेले असतात, आधी ठरवा. दगडी ओट्यांवर, म्हणजे आहूंवर, पाय ठेवायचा नाही. ती पूर्वजांची जागा आहे.

मिरवणुकीला फारांदुला म्हणतात आणि पाहुण्यांनाही तीत चालता येतं. अंगाला रंगीत मातीचा लेप, पिसांचा किंवा माहुतेचा पेहराव. पेहराव भाड्याने मिळतो, घरमालकाला दोन दिवस आधी सांगा. रंगवण्याआधी तेलकट सनस्क्रीन फासू नका, माती धरत नाही, घामाबरोबर ओघळते. लाल माती पांढऱ्या टॉवेलला लागली की गेला टॉवेल, म्हणून घरून एक जुना, गडद रंगाचा पंचा न्या. ताकोना ही अंगरंगाची स्पर्धा वेगळी. तिथे स्पर्धक आपल्या अंगावरच्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ सांगतो, तिथे नुसतं बसून ऐकायचं.

रात्रीच्या मंचासाठी बसायला चटई, पातळ जाकीट, रेनकोट. छत्री नको, मागचे शिव्या घालतात. डासांचं मलम हवंच, डेंग्यू तिथेही होतो.

गाडी भाड्याने घेणार असाल तर हे लक्षात ठेवा: बेटावर भाड्याच्या गाडीला विमा नसतो. पत्रा चेपला तर खिशातून. रात्री रस्त्यावर मोकाट घोडे उभे असतात, दिवे नसलेल्या वळणावर. रात्री चालवू नका.

शाकाहारी असाल तर उपास समजा: रताळी, आळूचे कंद, केळी, भोपळ्याचा किंवा केळ्याचा पोए, म्हणजे तिकडचा गोडसर केक. उमूत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, कंद मांसमासळीबरोबरच भाजतात. चालत नसेल तर आधीच सांगा. घरून खाऊ नेताना चिलीत उतरल्यावरचा शेतीमालाचा तपास आठवा. फळं, बिया, मध अजिबात नाही. चिवडा-लाडू कंपनीच्या बंद पाकिटातला, आणि नोंदपत्रावर खरं लिहून. लपवलंत तर दंड.

रोख पेसो सांतियागोतच काढा. सॉकेटला आपला मोठा तीन पिनांचा प्लग बसत नाही. दोन शब्द पाठ करा, इओराना म्हणजे नमस्कार आणि माउरुरू म्हणजे आभार.

परतताना ब्राझीलमार्गे येणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र. भारतात उतरताना मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि ती ठरावीक केंद्रांवरच मिळते. पिवळं कार्ड हँडबॅगेत.

त्याच हँडबॅगेत, पासपोर्टला लावून: परतीचं तिकीट, नोंदलेल्या खोलीचा कागद, आणि माणशी एक, छापलेला, फॉर्म.