रतनपुरुषाचं बी अखेर हाती लागलं

रतनपुरुष म्हणजे व्हायोलेटच्या कुळातलं आपलं रानरोप. चार पाकळ्या अगदी चिमुकल्या, पाचवी मात्र मोठी, गुलाबी-जांभळी. बोरिवलीच्या आमच्या गॅलरीत पहिल्या पावसाळ्यात रोपं कुजली. कुंडीत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ते पाणी धरून बसायचं. मग निम्मी जाड रेती आणि विटांचा चुरा घातला, कुंडी पागोळ्यांपासून आत पण उन्हात सरकवली. रोपं तगली, फुललीही. बी मात्र मिळेना! याचं बोंड वाळलं की तीन फाकांत उकलतं आणि बिया लांब उडवतं. संध्याकाळी बघावं तर नुसती टरफलं. फार जीव तुटायचा. आता बोंड पिवळट व्हायला लागलं की त्यावर मलमलीची पुरचुंडी सैलसर बांधते. काल उघडली, तर आत अकरा बिया, फिकट पिवळ्या, रेघारेघांच्या.