इंग्रजी शब्दाचा प्रत्यय कसा ओळखावा

नवा इंग्रजी शब्द समोर आला, की शब्दकोश उघडण्याआधी त्याचा शेवट बोटाने झाकून मूळ शब्द शोधावा आणि मग प्रत्ययाने त्या मुळाचे काय केले, हे पाहावे. आपण ‘नागपूर’ला ‘ई’ जोडून ‘नागपुरी’ म्हणतो, तेव्हा नामाचे विशेषण होते आणि दीर्घ ‘पू’ ऱ्हस्व होतो. इंग्रजीतही ‘हॅपी’ला ‘नेस’ लागताना विशेषणाचे नाम होते आणि शेवटच्या ‘वाय’च्या जागी ‘आय’ येतो. ‘केअरफुल’ म्हणजे काळजी घेणारा, ‘केअरलेस’ म्हणजे निष्काळजी. या ‘फुल’मध्ये एकच ‘एल’ लिहावा. मुलांच्या वह्यांत ही चूक मला वारंवार दिसते.

मात्र अर्थ नेहमी सरळ बेरजेने निघत नाही. ‘टीच’ला ‘अर’ लागून शिकवणारा ‘टीचर’ होतो, पण स्वयंपाक करणारा ‘कुक’च राहतो आणि ‘कुकर’ म्हणजे आपल्या ओट्यावर शिट्ट्या देणारे भांडे. ‘प्राइसलेस’ वस्तू तर फुकटची नव्हे, अनमोल असते. त्यामुळे तर्काने काढलेला अर्थ आधी वाक्यात बसवून पाहावा आणि मगच शब्दकोशाशी ताडावा. सरावासाठी सीताबर्डीच्या बाजारातून जाताना ‘प्रिंटर’, ‘सीडलेस’, ‘कलरफुल’ असे शब्द वहीत उतरवून मूळ आणि प्रत्यय वेगळे लिहावेत.