मुलांना सकस खाण्याची आणि खेळण्याची गोडी लावताना या चुका टाळा

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळेच्या साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम २ ते २.५ किलोंनी वाढते. वाढ मंदावली की भूकही उतरते आणि याच सुमारास मूल अनोळखी पदार्थाला नको म्हणू लागते. घरच्यांना वाटते, 'हे काहीच खात नाही', आणि घास घेऊन मुलाच्या मागे धावणे सुरू होते. त्यामागची आजीची काळजी खरी असते, परंतु बळेच भरवलेल्या घासाने त्या पदार्थाविषयीची नावडच वाढते. काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे ते मुलावर सोपवावे.

याहून अधिक नुकसान करणारी चूक म्हणजे लवकर हार मानणे. मुलाने एकदोनदा तोंड फिरवले की 'याला भोपळा आवडत नाही' असा शेरा त्याच्यासमोरच मारला जातो आणि ती भाजी त्याच्या ताटातून कायमची जाते. वास्तविक नवी चव अंगवळणी पडायला अनेक मुलांसमोर ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही यावी लागते. लाल भोपळ्याची मऊ शिजवलेली, बोटाच्या पेराएवढी फोड वरण-भाताशेजारी ठेवावी आणि तिच्याविषयी काहीच बोलू नये. मूल एके दिवशी ती दाबून पाहील, पुढे कधीतरी नाकाशी नेईल, मग जीभ लावून परत ताटात ठेवील. आपल्याला हा अन्नाशी खेळ वाटतो, पण मूल आपल्या परीने ती भाजी ओळखून घेत असते. अशा वेळी 'आता खा ना' ही घाईसुद्धा त्याला मागे नेते.

'भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन' असे म्हटल्याने भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढेच मनात ठसते. मोबाइल दाखवून भरवलेल्या मुलाला पोट भरल्याची जाणीवच राहत नाही. जेवणाआधीची बिस्किटे आणि दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक दूध यांनी भूक मरते. दुधात लोहही फारच कमी असते.

हालचालीच्या बाबतीत शिकवणी लावली की काम झाले, असा समज आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांतली ६० मिनिटे दम लागेल अशी असावी आणि पडद्यासमोरचा बसून घालवलेला वेळ एका तासाच्या आत राहावा. हे तीन तास लंगडीत, शिवाशिवीत, जिना चढण्यात सहज भरतात. मात्र 'धावू नकोस, पडशील' हे पालुपद आवरायला हवे. मंडईत मुलाला चालत न्यावे, भोपळा त्यालाच निवडू द्यावा आणि घरी मटार सोलायला शेजारी बसवावे. स्वतः निवडलेली भाजी चाखून पाहायला मूल अधिक राजी असते, असा माझा अनुभव आहे.

वजन काही महिने वाढलेच नसेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा पूर्वी आवडीने खाल्लेले पदार्थ एकेक करून सुटत मोजकेच उरले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि जाताना वजनाच्या नोंदींचे कार्ड सोबत न्यावे.