लॅटिस आणि द्विघाती रूपे: या चुका टाळा

उत्तर चुकले की आपण आधी आकडेमोड तपासतो. लॅटिस (अवकाशात नियमित जाळीने मांडलेले बिंदू) आणि द्विघाती रूपे (फक्त दुसऱ्या घाताची पदे असलेल्या बहुपदी) या विषयात आकडेमोड बहुतेक वेळा बरोबरच असते. कोणता ग्रुप (उलटवता येणाऱ्या बदलांचा संच) कशावर क्रिया करतोय, तेवढे मात्र वहीत लिहायचे राहून गेलेले असते.

क्ष², क्षय आणि य² यांचे सहगुणक अ, ब, क असतील तर रूप (अ, ब, क) असे लिहू. त्याचा विवेचक ब² − ४अक. विवेचक −२३ असताना |ब| ≤ अ ≤ क या अटीने (१, १, ६), (२, १, ३) आणि (२, −१, ३) ही रूपे मिळतात. शेवटची दोन तर य चे चिन्ह बदलले की एकच, असे म्हणून पुष्कळ जण एक खोडून टाकतात. पण त्या बदलाचा निश्चयक −१ आहे. निश्चयक १ असलेल्या पूर्णांकी मॅट्रिक्सच चालतील असे ठरवले, तर वर्ग (अशा बदलांनी एकमेकांत जाणाऱ्या रूपांचे गट) तीन. −१ सुद्धा चालवला, तर दोन. गाउसने १८०१ साली मांडलेले रूपांचे संयोजन (दोन रूपांपासून तिसरे बनवण्याची रीत) तीन वर्गांवर ग्रुप बनवते, दोनांवर नाही. उलटी चूकही होते. |ब| = अ किंवा अ = क असेल तिथे ब ऋण घेऊ नका: (१, −१, ६) हे (१, १, ६) च आहे, (१, १, ६) मध्ये क्ष च्या जागी क्ष − य ठेवून पाहा.

याच उदाहरणात दुसरा, जास्त खोल खड्डा आहे. (१, १, ६) आणि (२, १, ३) ही रूपे वास्तव संख्यांवर सममूल्य आहेत (चल बदलून एकमेकांत नेता येतात), प्रत्येक मूळ संख्या पी साठी पी-ॲडिक पूर्णांकांवरही (पी च्या सर्व घातांच्या मॉड्युलो एकदम पाहण्याची रीत) आहेत. तरीही पूर्णांकांवर नाहीत, कारण पहिले १ ही किंमत घेते आणि दुसरे कधीच घेत नाही. हासे-मिन्कोव्स्की प्रमेय (वास्तव आणि सर्व पी-ॲडिक संख्यांवर सममूल्य, तर परिमेय संख्यांवरही सममूल्य) परिमेय संख्यांसाठी आहे, ते पूर्णांकांवर चालवू नका. शंका आली तर लहान किमती किती वेळा येतात ते मोजा. किमती जुळल्या म्हणून लॅटिस एकच, असे मात्र धरू नका. १६ मितींमध्ये ई-८ (८ मितींचा एक लॅटिस) च्या दोन प्रतींची बेरीज आणि डी-१६ प्लस हा दुसरा लॅटिस यांत प्रत्येक लांबीचे सदिश सारख्याच संख्येने असतात, पण लॅटिस वेगळे. याच जोडीवरून १९६४ मध्ये मिल्नरने स्पेक्ट्रम (कंपनांच्या वारंवारिता) सारखा असलेले दोन भिन्न टोरस (अवकाशाला लॅटिसने भागून मिळणारे आकार) दाखवले. मला हे उदाहरण आजही थक्क करते.

निश्चयक बरोबर चार पटींनी चुकत असेल, तर ग्रॅम मॅट्रिक्स (आधारातील सदिशांच्या अंतर्गुणाकारांची) पाहा. मधला सहगुणक तिथे अर्धा होतो: (१, १, ६) साठी निश्चयक २३/४, मॅट्रिक्स दुप्पट केली तर २३.

सर्वांत लहान स्वतंत्र सदिश म्हणजे आधार (ज्यांच्या पूर्णांकी पटींच्या बेरजांतून सगळा लॅटिस मिळतो), हेही पाच मितींपासून खात्रीचे नाही. पाच मितींच्या पूर्णांकी लॅटिसमध्ये सर्व घटक १/२ असलेला सदिश मिसळा. एकक सदिशच सर्वांत आखूड राहतात, पण त्यांच्यापासून निम्माच लॅटिस तयार होतो.

आता भूमिती. वरच्या अर्धप्रतलाला (हायपरबोलिक भूमितीतले) एसएल-२ (निश्चयक १ असलेल्या २×२ पूर्णांकी मॅट्रिक्सचा ग्रुप) ने भागले की तयार होणाऱ्या पृष्ठाचे क्षेत्रफळ π/३. गाउस-बॉनेच्या प्रमेयाने (इथे क्षेत्रफळ = −२π × ऑयलर संख्या) पडताळताना ते ‘एक बिंदू काढलेला गोल’ मानले, तर ऑयलर संख्या १ येते आणि क्षेत्रफळ ऋण! बिघाड दोन कोपऱ्यांत आहे. एकावर दोन घटकांचा स्थिरक (तो बिंदू न हलवणारा उपग्रुप), दुसऱ्यावर तीन घटकांचा (−१ ने गुणणारी मॅट्रिक्स काहीच हलवत नाही, तिला मोजू नका). म्हणून १ − १/२ − २/३ = −१/६, आणि −२π ने गुणले की π/३ जमते. कोपरेच नको असतील तर म ≥ ३ घेऊन, मॉड्युलो म एकक मॅट्रिक्स होणारा उपग्रुप घ्या. त्यात एकक सोडून परिमित कोटीचा (काही वेळा स्वतःशी गुणला की एकक होणारा) घटक नसतो. म = २ पुरत नाही, −१ ची मॅट्रिक्स तिथे शिल्लक राहते.

क्षेत्रफळ परिमित आहे म्हणून क्वोशंट (ग्रुपने भागून मिळणारा आकार) कॉम्पॅक्ट (कुठेही अनंताकडे न जाणारा), ही सर्वांत चिवट चूक. वरचेच पृष्ठ एका टोकाने अनंताकडे जाते. माहलरच्या निकषाप्रमाणे त्या टोकाकडे जाणे म्हणजे लॅटिसमध्ये कितीही आखूड शून्येतर सदिश येणे. परिमेय सहगुणकांच्या अनिश्चित (धन-ऋण दोन्ही किमती घेणाऱ्या) रूपाच्या वास्तव सममितींचा ग्रुप पूर्णांकी सममितींनी भागला, तर क्वोशंट कॉम्पॅक्ट आहे का, यासाठी प्रश्न एवढाच: ते शून्येतर परिमेय बिंदूवर शून्य होते का? क्ष² + य² − २झ² हे (१, १, १) वर होते, म्हणून क्वोशंट कॉम्पॅक्ट नाही. क्ष² + य² − ३झ² होत नाही (मॉड्युलो ३ वर्ग तपासा), म्हणून आहे. पाच किंवा अधिक चलांचे असे रूप मात्र मायरच्या प्रमेयानुसार नेहमीच शून्य होते. तिथे परिमेय सहगुणकांवर शोध घेण्यात वेळ घालवू नका. शेवटच्या वर्गाला −√२ हा सहगुणक द्या आणि बाकीच्यांना १. √२ च्या जागी −√२ घातले की रूप धन निश्चित (शून्येतर बिंदूवर नेहमी धन) होते, आणि कॉम्पॅक्ट क्वोशंट मिळतो.