‘स्टार ट्रेक’चे पहिले पर्व पुन्हा पाहताना
१९६६ साली अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अवकाशप्रवासाच्या विज्ञानकथा मालिकेचे पहिले पर्व पुन्हा पाहायचे असल्यास भाग प्रसारणाच्या नव्हे, तर चित्रीकरणाच्या क्रमाने लावावेत. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा आधी चित्रित झालेला भाग प्रत्यक्षात तिसरा दाखवला गेला. त्यात यानाचे डॉक्टर मॅकॉय हे पात्र नाही, त्यामुळे प्रसारणाच्या क्रमात ते मध्येच गायब झाल्यासारखे वाटतात. याच भागात यानाचा कप्तान जेम्स टी. कर्क याच्या नावाच्या थडग्यावर मधल्या ‘टी’ऐवजी ‘आर’ हे अक्षर कोरलेले आहे, तेथे चित्र जरूर थांबवावे. सर्वांत आधी चित्रित झालेला, पण तेव्हा न दाखवलेला ‘द केज’ हा भाग मात्र त्यातीलच दृश्ये वापरलेल्या ‘द मेनाजरी’ या दोन भागांच्या कथेनंतरच पाहावा, अन्यथा त्या दोन भागांतील रहस्य आधीच फुटते. ब्लू-रे संचात अवकाशदृश्यांचे जुने आणि संगणकावर नव्याने केलेले असे दोन्ही पर्याय आहेत. नवी दृश्ये चकचकीत असली, तरी जुनीच निवडावीत.